पऱ्या नदीला जोडायचा असेल तर आधी मोरीखालची पायरी मोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावचा पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, नदीला मिळतो त्याच्या थोडं वर रस्त्याची मोरी झाली, तिच्यात सिमेंटचे दोन पाइप टाकले. त्याच्याही वर अर्ध्या किलोमीटरवर सिमेंटचा नाला बंधारा आहे. पूर्वी मृगाच्या पहिल्या लोंढ्याला मळे, शिंगट्या, मरळ हे मासे थेट भातखाचरांपर्यंत चढायचे. आता ते मोरीच्या तोंडाशी गोळा होतात आणि तिथेच जाळ्यात जातात. संगमापासून जेसीबीने सरळ चर खणावा का, वर मत्स्यबीज सोडावं का, आणि पूर्वीसारखं व्हायला किती वर्षं लागतील, असं तुम्ही विचारलं आहे.

चर खणू नका आणि बीजही सोडू नका. पाइपाच्या तोंडाखाली जी गुडघाभर उंचीची पायरी पडली आहे, ती मोडणं हे पहिलं काम. बाकी सगळं त्यानंतर. तुमचा पऱ्या नदीपासून तुटलेला नाही, पाणी रोज जातं आहे. तुटली आहे ती माशाची वाट, आणि ती वर्षातल्या मोजक्या दिवसांत लागणारी वाट आहे.

कोकणात ज्याला आपण चढण म्हणतो, रायगडकडे वलगण म्हणतात, ते पहिल्या पावसाच्या काही लोंढ्यांपुरतंच असतं. पाणी गढूळ आणि थंड होतं, त्यातले क्षार एकदम कमी होतात, आणि नदीच्या डोहात उन्हाळा काढलेली गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली, मादी उथळ, गवताळ, संथ पाण्याकडे निघते. नदीच्या मुख्य धारेत अंडी टाकली तर पुढच्या पुरात वाहून जातील. भरलेलं खाचर, पऱ्याच्या कडेचं बुडालेलं गवत, वरच्या अंगाची खडीची उथळ जागा इथे अंडी टिकतात आणि पिल्लांना बारीक खाद्यही मिळतं. सगळ्यांचं कारण मात्र एकच नसतं. अहीर हा सापासारखा लांब मासा समुद्रात जन्मतो, त्याची बोटभर पिल्लं खाडीतून गोड्या पाण्यात चढतात, वर्षानुवर्षं तिथे वाढतात आणि मोठेपणी अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे जातात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्लंही सुरुवातीला मचूळ पाण्यात वाढून मग वर येतात. म्हणजे तुमच्या मोरीपाशी अडणारे प्रवासी दोन-तीन प्रकारचे आहेत आणि त्यांच्या अंगातली ताकदही सारखी नाही. मोरी सुधारायची ती त्यातल्या सर्वांत दुबळ्याच्या मापाने.

हे माप नीट समजून घ्या, कारण सगळं काम त्यावर ठरतं. ढोबळ हिशेब असा, की मासा एका झपाट्यात, फार तर काही सेकंद, आपल्या लांबीच्या दहापट अंतर एका सेकंदात कापू शकतो. दहा सेंटीमीटरच्या मळ्याला म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. दमदारपणे बराच वेळ पोहायचं तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. आता पाण्याकडे बघा. पाच सेंटीमीटरच्या पायरीवरून पडणारं पाणी तळाशी सेकंदाला सुमारे एक मीटर वेग घेतं. दहा सेंटीमीटरला तो 1.4 मीटर होतो, वीसला 2 मीटर, आणि तुमच्याकडे आहे तशी 45 सेंटीमीटरची पायरी असेल तर जवळजवळ 3 मीटर. बोटाएवढ्या माशाला हे पार होणं शक्य नाही. खडससारखा मोठा, ताकदीचा मासा कदाचित उडी मारेल, पण उडीसाठी खाली खोल पाणी लागतं, आणि बऱ्याच मोऱ्यांखाली सिमेंटची फरशी असते.

पायरी चढली तरी पुढे पाइप आहे. सिमेंटचा पाइप आतून गुळगुळीत. दगड नाही, आडोसा नाही, दम खायला जागा नाही. समजा रस्ता साडेसात मीटर रुंद आणि पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला 0.8 मीटर. आपला मळा सगळी ताकद लावून एक मीटरने पोहला तरी पुढे सरकतो सेकंदाला 20 सेंटीमीटर. पाइप ओलांडायला त्याला 37 सेकंद लागतील, आणि इतका वेळ झपाटा टिकत नाही. अर्ध्यात तो दमतो आणि खाली फेकला जातो. पाऊस थोडा उघडला की उलट अडचण येते: पाइपाच्या तळाशी बोटभर पाण्याचा पातळ पापुद्रा उरतो, त्यात माशाची पाठ उघडी पडते.

ही गोष्ट क्षुल्लक वाटत असेल तर अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथल्या आदिवासी जमातींना 1854-55 च्या करारांनी मासेमारीचा हक्क मिळाला होता. सामन मासे वर चढायचे त्या ओढ्यांवर राज्याने रस्ते बांधताना पाइप टाकले आणि वाट अडली. 21 जमातींनी 2001 मध्ये दावा लावला, 2013 मध्ये न्यायालयाने राज्याला मोऱ्या बदलण्याचा आदेश दिला, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे विभागले गेल्याने तो आदेश कायम राहिला. मासे धरायचा हक्क दिला आणि मासे चढायची वाट बुजवली तर हक्क पोकळ होतो, हा त्यातला मुद्दा. त्या राज्याच्या मत्स्य विभागाने मोरीच्या रुंदीचं एक साधं सूत्र वापरात आणलं: ओढा काठोकाठ भरल्यावर जेवढा रुंद होतो त्याच्या 1.2 पट, अधिक साधारण 60 सेंटीमीटर. तुमचा पऱ्या काठोकाठ चार मीटर असेल तर मोरी 5.4 मीटर रुंद हवी. आणि मोरीच्या आत सिमेंटचा तळ उघडा नको, पऱ्यातलीच खडी, दगड, वाळू तिथून सलग गेली पाहिजे. माशाला आपण रस्त्याखालून चाललो आहोत हे कळूच नये, इतकी ती जागा पऱ्यासारखी असावी.

म्हणून रस्त्याचं काम पुन्हा निघणार असेल तर पाइप मोरीऐवजी स्लॅबची किंवा बॉक्स मोरी मागा, आणि बॉक्स असेल तर तिचा तळ पऱ्याच्या तळापेक्षा खाली गाडायला सांगा. अंदाजपत्रक तयार होण्याआधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही. ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. माशांसाठी म्हणून कदाचित दार उघडणार नाही, पण रुंद मोरीत ओंडके आणि पालापाचोळा अडकत नाही, पुरात भराव वाहून जाण्याची भीती कमी होते, हे उपअभियंत्याला लगेच पटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगाव्यात.

नवी मोरी होईपर्यंत थांबायची गरज नाही. पाइपाच्या खालच्या अंगाला दगडांची उतरंड बांधता येते. ती गावाच्या हाताने होणारी आहे, फक्त माप चुकवू नका. उद्देश असा, की पाण्याची पातळी उचलून पाइपाचं तोंड बुडवायचं आणि पाइपात किमान वीतभर पाणी मागे साचवायचं. तुमची पायरी 45 सेंटीमीटर, वर 20 सेंटीमीटर पाणी हवं, म्हणजे एकूण 65 सेंटीमीटर चढ. एकास पंचवीस उतार धरला तर उतरंड 16 मीटरच्या आसपास लांब होईल. एकास वीसपेक्षा तीव्र करू नका. हा चढ पाच-पाच सेंटीमीटरच्या तेरा ओळींत वाटायचा. प्रत्येक ओळ मोठ्या दगडांची, पऱ्याच्या आडवी, किंचित वरच्या अंगाला कमान दिलेली, मध्ये बोटभर ते हातभर फटी ठेवलेल्या आणि दोन ओळींमध्ये छोटा डबरा. मासा फटीतून झपाट्याने निघतो आणि डबऱ्यात दम खातो. ओळीचा मधला भाग कडांपेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे पाणी कमी असलं तरी एका धारेत राहील.

दगड काळाच घ्या. जांभ्याचा चिरा हाताशी असतो, पण वाहत्या पाण्यात आणि गोट्यांच्या माराखाली तो झिजतो. प्रत्येक दगडाचा निदान तिसरा हिस्सा तळात गाडलेला हवा, आणि सर्वांत खालची ओळ सगळ्यांत भक्कम, कारण ती सरकली की बाकीच्या एकामागून एक सुटतात. तारेच्या जाळीत दगड भरून केलेली भिंत इथे मला पसंत नाही. पाणी तिच्या पोटातून झिरपून जातं, वरचा पृष्ठभाग कोरडा पडतो, आणि काही वर्षांनी तारा तुटल्या की त्यात मासेच अडकतात. आणखी एक, उतरंडीने पाइपाची पाणी वाहून नेण्याची ताकद थोडी घटते. म्हणून रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याची लेखी संमती घेतल्याशिवाय एकही दगड ठेवू नका. कोकणातला पाऊस पाहता हे बंधन मी योग्यच मानतो.

पूर ऐन भरात असताना या उतरंडीवरून काही चढणार नाही, आणि त्याने बिघडत नाही. मासे बहुतेक वेळा लोंढा ओसरू लागताना चढतात. तुमची उतरंड जूनच्या त्या मधल्या पाण्याला चालली पाहिजे.

अहिराच्या पिल्लांसाठी एक सोपी भर घाला. ती ओल्या, खडबडीत पृष्ठभागावरून सरपटत चढू शकतात. न्यूझीलंडमध्ये शिंपल्यांच्या शेतीत वापरतात तसले केसाळ दोर मोरीच्या आत लांबवर सोडून लहान माशांना आधार दिला जातो. आपल्याकडे काथ्याचा जाड दोर करून पाहण्यासारखा आहे. वरच्या तोंडाशी पक्का बांधायचा, पाइपभर सोडायचा, आणि दरवर्षी पावसाआधी बदलायचा. फक्त त्यात ओंडके अडकत नाहीत ना, यावर लक्ष हवं.

आता सरळ चर का नको, ते सांगतो. वळणं काढून टाकली की तेवढंच उतरणं कमी लांबीत होतं, म्हणजे उतार वाढतो, वेग वाढतो, आणि तळ खरवडला जाऊ लागतो. ही खरवड खालून वर सरकत जाते, मोरीपर्यंत पोहोचते, आणि आज गुडघाभर असलेली पायरी कंबरेएवढी होते. शिवाय जेसीबी आधी काय मोडतो? डोह, कडेची मुळं आणि खडी. माशाला हवं असलेलं नेमकं तेच. नाला खोलीकरणाची कामं गेल्या दशकभरात गावोगाव झाली. पाणी मुरवायचा हेतू चांगला होता, पण जिथे पऱ्याचा सपाट तळाचा आणि सरळ कडांचा कालवा झाला तिथे माशाला थांबायला जागा राहिली नाही, हे मी कळकळीने सांगतो. तुमच्याकडे असा तुकडा असेल तर त्यात मोठे दगड परत टाका, एक आड एक काठाला लावून, म्हणजे धार पुन्हा नागमोडी होईल. काठावर शेरणी, वाळुंज, करंज, उंबर येऊ द्या. शेरणीची मुळं पुरातही काठ धरून ठेवतात आणि तिच्या बुंध्याशी पिल्लं लपतात.

संगमाची जागा मात्र मे महिन्यात स्वतः जाऊन बघा. नदीतून वाळू उपसली गेली असेल तर नदीचा तळच खाली गेलेला असतो आणि पऱ्याचं तोंड लोंबकळत राहतं. तसं असेल तर पहिली उतरंड तिथे लागेल, मोरी दुसऱ्या क्रमांकावर जाईल. नियम एकच: खालचा अडथळा आधी. वरचा कितीही सुंदर सोडवला आणि खालचा राहिला तर वर कोणी पोहोचणारच नाही. संगमापासून उगमापर्यंत चालत जाऊन प्रत्येक पायरी, फरशी पूल, मोरी, बंधारा यांची उंची आणि खालच्या पाण्याची खोली वहीत लिहा. तीच फेरी जुलैत पुन्हा करा. कोरड्यात अडथळा वाटणारी जागा पाण्यात बुडून मोकळी झालेली असते, आणि उलटही घडतं.

बंधाऱ्याबद्दल. तो फोडा असं मी सांगणार नाही, उन्हाळ्यात गुरांना आणि विहिरींना त्याचा आधार असेल. आधी तो अजून पाणी धरतो का ते तपासा. असे बरेच नाला बंधारे गाळाने काठोकाठ भरलेले असतात. मग पाणी साठत नाही, फक्त भिंत उरते. तसं असेल तर मध्यभागी भिंत उतरवून घेण्याचा ठराव ग्रामसभेत ठेवता येईल. बंधारा कामाचा असेल तर एका बाजूने वळसा घालणारी दगडी वाट करावी लागेल. सव्वा मीटर उंचीला एकास वीस उताराने ती 25 मीटर होते. तिचं खालचं तोंड भिंतीच्या अगदी पायथ्याशी आलं पाहिजे. मासे जिथे पाणी कोसळतं तिथे गोळा होतात. तोंड वीस मीटर खाली उघडलं तर ते त्याच्यासमोरून पुढे जातात आणि भिंतीला डोकं लावून बसतात. जगभरातल्या मत्स्यमार्गांत हा दोष सतत आढळतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असता तर काम सोपं होतं: पाऊस यायच्या आत सगळे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे. तालुक्यात इतरत्र तसे बंधारे असतील तर बरगे मे अखेर निघतात की जून सरल्यावर, एवढं पाहिलं तरी पुष्कळ फरक पडेल.

परदेशातल्या सामनच्या शिड्यांची चित्रं पाहून तशी मागणी करू नका. सामन मोठा आणि उडी मारणारा मासा आहे, आपल्या पऱ्यातले बहुतेक मासे लहान आहेत. आपल्याला जवळचं उदाहरण लाओसचं. तिथे मेकाँग नदीकाठच्या पाक पेउंग पाणथळीवर पूर अडवायचं दार बसवल्याने मासे आत शिरणं बंद झालं होतं. ऑस्ट्रेलिया आणि लाओसच्या संशोधकांनी तिथे शंकूच्या आकाराचे अडथळे असलेला कमी उताराचा मार्ग बांधला. पावसाळी नदी, लहान माशांची गर्दी आणि भातशेतीचा शेजार, सगळं आपल्यासारखंच.

बीज का नको? वाट मोकळी झाली की नदीतले मासे स्वतः येतात, त्यांना आणावं लागत नाही. सरकारी किंवा खाजगी केंद्रातून मिळणारं बीज बहुधा रोहू, कटला यांचं असतं, आणि ते कोकणच्या नद्यांचे मूळचे मासे नाहीत. त्यात चिलापी (तिलापिया) किंवा बंदी असलेला थाई मागूर हे परदेशी मासे मिसळून आला तर तुम्ही मोकळी केलेली वाट त्यांनाही मोकळी होते आणि मग त्यांना हटवता येत नाही. वरच्या शेततळ्यात कोणी चिलापी पाळली आहे का, हेही आत्ताच पाहून ठेवा आणि त्या तळ्याचा सांडवा पऱ्यात उतरत असेल तर जाळी लावून घ्या.

राहिला सगळ्यांत अवघड भाग, चढणीच्या माशांची मासेमारी. हा आनंद मला ठाऊक आहे आणि तो गावाकडून काढून घ्यावा असं मी म्हणत नाही. पण पसरलेल्या खाचरात, पऱ्याच्या लांबभर दहा ठिकाणी मासे धरणं वेगळं आणि सगळे मासे ज्या एका तोंडाशी गोळा होतात तिथे जाळं लावणं वेगळं. तिथे गाभोळीच्या माद्या जवळपास सरसकट जातात. म्हणून ग्रामसभेचा ठराव असा असावा: संगम, मोरी आणि उतरंड यांच्या वरखाली ठरावीक अंतरात चढणीच्या काळात जाळं नाही, सापळा नाही. बाकी ठिकाणी धरा. सुरुंग आणि विष तर 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हाच आहे. देवाच्या नावाने डोह राखायची रीत आपल्याकडे आहेच, महाडजवळ वाळण कोंढीत आणि वाड्याजवळ तिळशाला लोकांनी मासे राखले आहेत. तुमच्या नदीत असा एखादा राखलेला डोह असेल तर तो फार मोलाचा. चढण करणारे मासे उन्हाळ्यात तिथेच टिकतात, आणि डोह आटला किंवा गाळाने भरला तर वरची वाट मोकळी असूनही चढायला कोणी उरत नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत डोह, मोरी आणि चढणीच्या जागा लिहून घ्या. नोंद असली की पुढच्या वेळी कोणी खोलीकरणाचा आराखडा आणला तर बोट ठेवायला कागद असतो.

खाचरांचं एक राहिलं. मासा पऱ्यात चढला तरी बांधाची उघडी तोंडं सिमेंटच्या नळ्यांनी बंद झाली असतील तर तो आत जाणार कसा? निदान पऱ्यालगतच्या शेतकऱ्यांशी बोला. दोन-चार तोंडं मातीची, रुंद आणि उथळ ठेवता येतात. आणि तणनाशक मारायचंच असेल तर चढणीच्या दिवसांत पाणी पऱ्यात सोडू नये, एवढं त्यांच्याकडून घ्या.

काळाबद्दल विचारलंत. लहान मासे वर्ष-दोन वर्षांत वयात येतात, त्यामुळे वाट मोकळी झाल्यावर पहिल्याच पावसात काही जण बंधाऱ्यापर्यंत दिसले तर नवल नाही. पण वर चढलेले मासे मोजून थांबू नका. खरी खूण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळते. पाणी ओसरताना पिल्लांच्या झुंडी खाली नदीकडे येतात की मधल्या डबक्यात अडकून मरतात, ते पाहा. तेव्हा अडकत असतील तर डबक्यांमधली धार हाताने मोकळी करा, फावड्याने होणारं काम आहे. दरवर्षी त्याच तीन जागी, मोरीखाली, मोरी आणि बंधाऱ्याच्या मध्ये, आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पिल्लांची जात आणि अंदाजे संख्या लिहा. गावातल्या जुन्या माणसांकडून वर कोणकोणते मासे मिळायचे त्याची यादी आधीच करून घ्या, म्हणजे कोण परतला आणि कोण अजून यायचा आहे ते कळेल. अहीर आणि खडस उशिरा येतील. अहीर वाढायला वर्षं घेतो, आणि खडस यायचा तर खालच्या नदीत तो शिल्लक असायला हवा.

पायरीची नक्की उंची, पाइपाचा व्यास आणि उतार, पऱ्याची काठोकाठ रुंदी ही मापं मे महिन्यात घेऊन पाठवा. उतरंडीच्या ओळींचं रेखाटन त्यावरून करून देईन, ते संमतीच्या अर्जाला जोडता येईल.